रबर आणि प्लास्टिक यांची सोयरीक

बिलोली हे गाव मराठी मुलखाच्या अगदी काठावर आहे. मांजरा नदी ओलांडली की पलीकडे बोधनचा भाग, म्हणजे आजचे तेलंगण. त्यामुळे इकडच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूही कानावर पडते. कधी असे होते की विकणाऱ्याला मराठी येत नाही आणि घेणाऱ्याला तेलुगू. दोघेही आपापल्या जागी शहाणे, पण व्यवहार काही जमत नाही. मग कुणीतरी तिसरा पुढे होतो. त्याचे घर अलीकडचे, आजोळ पलीकडचे. तो एकाशी एका भाषेत बोलतो, दुसऱ्याशी दुसऱ्या भाषेत, आणि पाच मिनिटांत सौदा पटतो. या तिसऱ्या माणसाला जरा ध्यानात ठेवा. आजच्या गोष्टीत तो पुन्हा भेटणार आहे.

गोष्ट आहे रबराची आणि प्लास्टिकची. आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला आणि शाळामास्तरांना या गोष्टीशी काय करायचे? पण जरा आपल्या घराभोवती नजर टाका. गाडीला टायर, विहिरीवरच्या इंजिनात वायसर, शेतात ठिबकच्या नळ्या, अंगणात खुर्ची, माती वाहायला काळे घमेले, पायात चप्पल. पूर्वी लाकूड, चामडे, कातडे, ताग आणि लोखंड जे काम करत, त्यातले कितीतरी काम आता या दोघांनी उचलले आहे. पोरे विहिरीत पोहायला शिकतात तीही कमरेला जुनी ट्यूब बांधून. आणि वस्तू मोडली, फाटली, की ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाते.

त्या पोत्याकडे पाहून एक साधा प्रश्न मनात येतो. रबर लवचिक, पण त्याला आकार धरून उभे राहता येत नाही. प्लास्टिक ताठ, पण थंडीत किंवा जुने झाल्यावर तडकते. मग दोन्ही एका कढईत वितळवून, ढवळून एक केले तर ताठही आणि लवचिकही अशी वस्तू मिळणार नाही का? हा प्रश्न काही आपल्यालाच सुचलेला नाही. जगातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यापायी साठ-सत्तर वर्षे घालवली. त्यांना काय सापडले, त्याचा हा इतिहास आहे.

आधी रबर. हा झाडाचा चीक. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले मूळ रहिवासी त्याचे चेंडू करून खेळत, ही युरोपियांना फार पुढे कळलेली गोष्ट. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने रबराचा थर दिलेले जलाभेद्य कापड केले. पण कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला त्यावर तोड सापडली. रबरात गंधक मिसळून तापवले की ते ऊन-थंडी सोसते. याला व्हल्कनीकरण म्हणतात. आपल्या देशात केरळात १९०२ साली रबराची व्यापारी लागवड सुरू झाली, आणि १९४७ च्या रबर कायद्याने रबर बोर्ड अस्तित्वात आले.

पण गंधकाने रबरात नेमके काय होते, हे गुडइयरला ठाऊक नव्हते. ते कळायला आधी रबर कशाचे बनले आहे, हे कळायला हवे होते. १९२० साली जर्मनीच्या हेरमान स्टाउडिंगर याने सांगितले की रबर, कापूस यांसारख्या पदार्थांचे रेणू म्हणजे हजारो लहान दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या आहेत. पुष्कळ विद्वानांनी त्याची थट्टा केली. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. स्टाउडिंगर हटला नाही. १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. अशा साखळी-रेणूंच्या पदार्थांना मराठीत बहुवारिके म्हणतात.

आता सुतळीच्या गुंत्याची कल्पना करा. गुंता ओढला की सुतळी सरळ होते, सोडला की पुन्हा आखडते. रबराच्या साखळ्या अशाच वेटोळ्या घालून सतत हलत असतात. गंधकाने त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी गाठी पडतात, म्हणून ताणलेले रबर आपल्या जागी परत येते. प्लास्टिकही साखळ्यांचेच. पण पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकच्या साखळ्या नेहमीच्या हवेत जागच्या जागी थिजलेल्या असतात. त्यांना हालचाल सुचायला सुमारे १०० अंश सेल्सियसची उष्णता लागते. रबराला थिजवायचे तर मात्र शून्याखाली ७० अंशांपर्यंत जावे लागते. म्हणून एक ताठ आणि दुसरे लवचिक. मूळ घडण एकाच जातीची, स्वभाव मात्र निराळे.

मग दोन्ही साखळ्याच असतील तर त्या एकमेकींत का मिसळू नयेत? याचे उत्तर १९४१-४२ च्या सुमारास अमेरिकेत पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोघांनी आपापल्या वाटेने शोधून काढले. त्यांचे गणित अवघड आहे, पण त्यातला मुद्दा आपल्या खळ्यावर समजण्यासारखा आहे. एक मूठ ज्वारी आणि एक मूठ तूर एका सुपात हलवा. दाणे सुटे असतात, म्हणून हां हां म्हणता मिसळून जातात. आता ज्वारीच्या दाण्यांची हजार-हजार दाण्यांची माळ ओवा, तुरीच्या दाण्यांचीही ओवा, आणि मग सूप हलवा. माळेतला दाणा शेजारच्याला सोडून कुठे जाणार? मिसळण्याचे मार्गच कमी होतात. सुट्या रेणूंना मिसळायला लावणारी जी निसर्गाची ओढ, ती लांब साखळ्यांच्या बाबतीत जवळजवळ नाहीशी होते. त्यातून दोन जातींच्या साखळ्यांमध्ये थोडीशी जरी नावड असली, तरी त्या वेगळ्या व्हायला तेवढी पुरते. फ्लोरीला पुढे १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा अर्थ असा की रबर आणि प्लास्टिक कढईत कितीही घोटले तरी ते एकजीव होत नाहीत. रबराचे थेंब प्लास्टिकमध्ये तरंगत राहतात. घोटणे थांबले की थेंब एकमेकांत मिळून मोठे होतात. थंड झाल्यावर वस्तू वरून एकसारखी दिसते, पण आत थेंब आणि भोवतालचे प्लास्टिक यांची एकमेकांवर पकड नसते. ताण आला की भेग नेमकी त्या सांध्यातून धावते. कच्च्या विटा गाऱ्याशिवाय एकमेकींवर रचाव्यात, तशी ती भिंत. भंगार वितळवून केलेली वस्तू काही वेळा नव्या वस्तूच्या निम्मेही टिकत नाही, त्याच्या कारणांमध्ये हे एक मोठे कारण आहे.

परंतु गंमत अशी की हे गणित मांडले जाण्याआधीच काही लोक यशाच्या दारापाशी जाऊन पोचले होते. इव्हान ऑस्ट्रोमिस्लेन्स्की या मूळच्या रशियन रसायनज्ञाने १९२७ साली एक पेटंट घेतले. तयार प्लास्टिकमध्ये तयार रबर न मिसळता त्याने पातळ स्टायरीनमध्ये रबर विरघळवले आणि मग त्या स्टायरीनचे प्लास्टिक होऊ दिले. पुढे डाऊ या अमेरिकन कंपनीतील ॲमॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच क्रिया सतत ढवळत, ताब्यात ठेवून करण्याची रीत बसवली. तिचे पेटंट १९५४ साली मिळाले. निघालेले पॉलिस्टायरीन साध्या पॉलिस्टायरीनसारखे काचेगत फुटत नसे. फ्रिजच्या आतली पांढरी भिंत पुष्कळदा याचीच असते.

असे का झाले? स्टायरीनच्या साखळ्या वाढत असताना त्यातल्या काही साखळ्या रबराच्या साखळीवरच फुटल्या, जशी आंब्याच्या रोपावर कलमाची फांदी फुटावी. या कलमी रेणूचे एक अंग रबराचे, दुसरे अंग प्लास्टिकचे. तो जाऊन बसला कुठे? रबराच्या थेंबात बसला तर प्लास्टिकचे अंग अवघडते, प्लास्टिकमध्ये बसला तर रबराचे. म्हणून तो बसला थेंबाच्या काठावर, रबराचे अंग आत आणि प्लास्टिकचे अंग बाहेर करून.

इथे आपला बाजारातला तिसरा माणूस पुन्हा भेटला. घर अलीकडे, आजोळ पलीकडे.

अशा रेणूला इंग्रजी धंद्यात कंपॅटिबिलायझर म्हणतात. आपण त्याला मेळकारक म्हणू. मेळकारक दोन कामे करतो. पहिले, तो थेंबाच्या काठावर उभा राहतो, त्यामुळे थेंब लहान होतात आणि पुन्हा एकमेकांत मिळत नाहीत. दुसरे, त्याची दोन्ही अंगे दोन्हीकडच्या साखळ्यांत गुंतलेली असतात, म्हणून सांधा सुटत नाही. वस्तूला मार बसला की असा धरून ठेवलेला थेंब भोवतालच्या प्लास्टिकला एका जागी भेगाळू देत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी हजारो सूक्ष्म रेघा उमटतात आणि मार त्यांच्यात वाटला जातो. असे प्लास्टिक वाकवले की वाकल्या जागी पांढरा वळ उठतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो पांढरा वळ म्हणजे याच सूक्ष्म रेघा, हे १९६५ साली इंग्लंडमध्ये बकनॉल आणि स्मिथ यांनी दाखवले.

शिक्षक मंडळींना वर्गात हे दाखवायचे असेल तर काचेची एक बाटली पुरे. तिच्यात निम्मे पाणी घ्या, थोडे गोडेतेल घाला आणि जोरात हलवा. तेलाचे थेंब होतील आणि थोड्याच वेळात तेल पुन्हा वर जाईल. आता तिच्यात रिठ्याचे पाणी घालून तेवढ्याच जोराने हलवा. पांढुरके मिश्रण होईल आणि ते पुष्कळ वेळ टिकेल. हात पहिल्या वेळी जितक्या जोराने चालला तितकाच दुसऱ्या वेळीही चालला. फरक पडला तो काठावर बसणाऱ्या तिसऱ्या पदार्थाने. रिठ्यातल्या आणि साबणातल्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. मेळकारकाचेही हेच तत्त्व आहे. गुंटर मोलाऊ याने १९६५ साली दोन बहुवारिकांच्या अशा दुहेरी मिश्रणाला 'तेलातले तेल' अशा अर्थाचेच नाव दिले होते.

रिठ्याची गोष्ट इथे संपते आणि पुढे कारखान्याचा प्रश्न सुरू होतो. कलमी रेणू आधी वेगळा तयार करायचा आणि मग घालायचा, तर खर्च फार. शिवाय तो काठावर जाऊन बसेलच याची खात्री नाही. वितळलेले प्लास्टिक काकवीपेक्षाही दाट असते, आणि त्यात लांब रेणूला वाट काढणे सोपे नव्हे. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती काढली. मेळकारक बाहेरून आणण्याऐवजी तो काठावरच जन्माला घालायचा.

नायलॉनचे उदाहरण घ्या. नायलॉन चांगला दणकट, पण त्याला चीर पडली की पुढे झटकन तुटतो. ड्यू पाँट कंपनीतील एपस्टाइन यांनी रबरी बहुवारिकाच्या साखळीला मॅलेइक ॲनहायड्राइड नावाचे लहानसे रसायन जोडून घेतले. हे झाले रबराचे हात. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला या हातांशी जुळणारा अमाइन गट असतोच. दोन्ही एकत्र वितळवून घोटले की जिथे थेंब आणि नायलॉन भेटतात, तिथेच हातात हात पडतो आणि काठावर कलमी रेणू तयार होतो. एपस्टाइन यांचे पेटंट १९७९ सालचे. रबराचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक झाले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्याच कंपनीतील सूहेंग वू याने १९८५ साली दाखवले की नुसते रबर किती घातले यावर भागत नाही. दोन कणांमधली प्लास्टिकची भिंत एका ठरावीक जाडीपेक्षा पातळ झाली की ठिसूळ पदार्थ एकदम चिवट होतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाच्या आणखी जवळ येऊ. वर सांगितलेल्या उदाहरणांत प्लास्टिक पुष्कळ आणि रबर थोडे. पण रबरच पुष्कळ असेल तर? रबरासारखे ताणले जाईल आणि तरी प्लास्टिकसारखे पुन्हा वितळवून साच्यात ओतता येईल असे काही करता येईल का? १९६२ साली गेस्लर आणि हॅस्लेट यांना अशा मिश्रणाचे पेटंट मिळाले. युक्ती अशी की पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकबरोबर रबर घोटता घोटताच त्याचे व्हल्कनीकरण करायचे. घोटणे चालू असल्यामुळे रबराचा एकच गोळा बनत नाही, बारीक कण होतात. तापवले की मधले प्लास्टिक वितळते आणि सगळे मिश्रण वाहू लागते. पुढे मोन्सँटो कंपनीतील कोरान आणि पटेल यांनी ही रीत पूर्णत्वाला नेली, आणि १९८१ साली सँटोप्रीन या नावाने तो माल बाजारात आला. मोटारीच्या दारांच्या कडेच्या रबरी पट्ट्या आज पुष्कळदा अशाच मिश्रणाच्या असतात.

सँटोप्रीनमधले रबर आणि पॉलिप्रॉपिलीन हे दोघे रसायनाच्या दृष्टीने जवळचे नातलग, म्हणून त्यांना मध्यस्थाची फारशी गरज पडली नाही. पण तेलाला टिकणारे रबर हवे असेल तर नायट्राइल रबर घ्यावे लागते. इंजिनाच्या तेलाशी संबंध येतो अशा ठिकाणचे सील आणि वायसर पुष्कळदा याचेच असतात. नायट्राइल रबराचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे मात्र मुळीच पटत नाही. १९८३ साली कोरान आणि पटेल यांनी या दोघांमध्ये मेळकारक घालून केलेले काम प्रसिद्ध केले. प्लास्टिकच्या थोड्या भागाला एक रासायनिक हात, रबराच्या थोड्या भागाला दुसरा, आणि दोघांची गाठ घोटतानाच पडू दिली. मेळकारक थोडाच, पण मिश्रणाची ताकद पुष्कळ वाढली.

हा सगळा इतिहास परदेशातला झाला, आपल्याकडे काय घडत होते? मुंबईत १९३३ साली विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, तोच आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. १९५७ साली मुंबईत पॉलिस्टायरीन तयार होऊ लागले आणि १९६३ साली उत्तर प्रदेशात बरेलीला कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला. म्हणजे ज्या वर्षांत परदेशी लोक मिश्रणाचे मर्म शोधत होते, त्या वर्षांत आपण मिसळायचे पदार्थच पहिल्यांदा बनवायला शिकत होतो. पण मागे राहिलो नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेत बहुवारिकांचा अभ्यास रुजला. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत हलाखीत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ साली तिथे आले, आणि १९८९ ते १९९५ या काळात ते तिचे संचालक होते. दाट बहुवारिके कशी वाहतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि थेंब फुटतो की नाही हे त्या वाहण्यावरच ठरते. बंगालमध्ये खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत डे आणि भौमिक यांनी रबर-प्लास्टिक मिश्रणांवर दीर्घकाळ काम केले. या विषयावरचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला.

आता भंगारवाल्याच्या पोत्याकडे परत येऊ, कारण आपला खरा प्रश्न तिथेच आहे.

पोत्यात सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे जुना टायर. गुडइयरने मारलेल्या गंधकाच्या गाठी सुटत नाहीत, म्हणून टायर वितळतच नाही. त्याची भुकटी करता येते. ही भुकटी प्लास्टिकमध्ये घातली तर आधी सांगितलेलेच रडगाणे, सांधा धरत नाही. भुकटी बारीक दळली, तिच्या पृष्ठभागावर प्रक्रिया केली आणि मेळकारक घातला तर बऱ्यापैकी टिकाऊ वस्तू होतात. पण नव्या रबराची बरोबरी त्यांना येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मेळकारक म्हणजे काही परीस नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची आहे. रॉकेलचा जुना कॅन पॉलिएथिलीनचा आणि मोडकी खुर्ची पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही हलके, दोन्ही पाण्यावर तरंगणारे, दोन्हींचे रसायन इतके सारखे की सख्खे भाऊ म्हणावेत. तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत! भावकीत कधी कधी असे असतेच. २०१७ साली अमेरिकेतील कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी या दोन्हींचे तुकडे आळीपाळीने जोडलेली साखळी तयार केली. शंभर भाग मिश्रणात तिचा एकच भाग घातला तरी ठिसूळ मिश्रण चिवट झाले. असा रेणू स्वस्तात आणि मुबलक करणे हे पुढचे काम. ते साधले तर मिसळलेल्या भंगारालाही बरा भाव येऊ शकेल.

तोवर आपल्या हाती काय आहे? निवड. जे मिसळत नाही ते आधी वेगळे करावे. बहुतेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पीईटी, २ म्हणजे कॅनचे दाट पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पाइपाचे पीव्हीसी, ४ म्हणजे पिशव्यांचे पातळ पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आकडा पुसला असेल तर बादलीभर पाणी घ्या. २, ४ आणि ५ चे तुकडे तरंगतात. १, ३ आणि ६ चे बुडतात. मग पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत मीठ घाला. आता ६ नंबरचा तुकडा वर येतो, १ आणि ३ तळाशीच राहतात. फेसाळ थर्माकोल आणि भुकटी मिसळलेले प्लास्टिक याला अपवाद. पण सातवी-आठवीच्या मुलांना घनतेचा धडा शिकवायला याहून स्वस्त प्रयोग मिळणार नाही.

यात ३ नंबरला, म्हणजे पीव्हीसीला, विशेष जपावे. बाटलीचे पीईटी वितळवायला सुमारे २५० अंशांची उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसीचा चुकून राहिलेला तुकडा कुजतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो. ती सगळा घाणा बिघडवते. म्हणून शेताच्या बांधावर जुने पाइप आणि टायर पेटवून देऊ नका. तो धूर पिकाला, गुरांना आणि चुलीपाशी बसलेल्या माणसांना, कुणालाच मानवणारा नाही.

आणि विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. पुनर्वापराचा माल वाईटच असतो असे नाही. निवडलेल्या, धुतलेल्या, नीट वाळवलेल्या भंगारापासून, योग्य मेळकारक घालून केलेला माल चांगला असतो. पण पोतेभर मिसळ एका कढईत घोटून केलेली स्वस्त नळी पहिल्या पावसाळ्यात चांगली दिसते. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचा दाब आणि ऊन एकत्र आले की ती लांबीत उलते, आणि तेव्हा ऊस किंवा मिरची पाण्यावाचून उभी असते. वाचलेले चार पैसे एका दुपारी जातात. घेताना मानकाचा शिक्का पाहा, आणि नसेल तर दुकानदाराला विचारायला लाजू नका.

वाचकहो, या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आधी लोकांना वाटे, अजून तापवू, अजून घोटू, म्हणजे दोन्ही एक होतील. ते झाले नाही. रबर रबरच राहिले आणि प्लास्टिक प्लास्टिकच. काम साधले ते दोघांमधल्या काठाकडे कुणी लक्ष दिले तेव्हा. त्या काठावर शंभरातले चार-पाच भाग मिळाले, कधी एकच, पण दोन्हीकडे मुळे असलेले. आणि सगळ्या वस्तूची ताकद त्यांच्यावर उभी राहिली.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा देगलूर तालुक्यातले बिच्कुंदा आणि जुक्कल हे भाग नांदेड जिल्ह्यातून तिकडे गेले, आणि बिलोली इकडे राहिली. सोयरीक मात्र तुटली नाही. लेकीबाळी आजही नदीच्या दोन्ही तीरांवर नांदतात. त्यामुळे काठावर उभे राहून दोन्हीकडचे बोलणाऱ्या माणसाची किंमत इथल्या लोकांना निराळी सांगायला नको. आता वर्गात रिठ्याची बाटली हलवताना मुलांनी विचारले, "गुरुजी, हा रिठा नेमका करतो तरी काय?" तर त्यांना बाजारातला तो तिसरा माणूस दाखवा. बाकीचे त्यांना आपोआप कळेल.